रबिंगआधी पॅड ठरवा: गाडीच्या पेंटसाठी पॅड आणि कंपाउंड कसं निवडायचं

काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात लावली की बॉनेटवर बारीक गोल रेघांचं जाळं दिसतं. ते जाळं रंगात नसतं, रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटमध्ये असतं. पेंट करेक्शन म्हणजे या रेघांच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर घासून सपाट करणं. रेघ भरून येत नाही, तिचे काठ खाली येतात. म्हणून दर रबिंगला, म्हणजे मशीनवरच्या पॅडने कंपाउंड (बाटलीतलं घासणारं मिश्रण) लावून घासताना, थोडा क्लिअर कायमचा जातो. कंपनीच्या पेंटमध्ये हा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि उन्हापासून रंगाला तोच वाचवतो. गाडीच्या अख्ख्या आयुष्यात सगळी रबिंगं मिळून 7-8 मायक्रॉनच्या पुढे जाऊ नये, असा धोरणी अंदाज धरून काम करावं.

दुकानात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कंपाउंड कुठलं चांगलं?" इथेच क्रम चुकतो. आधी पेंट बघायचा, मग हातातलं मशीन, मग पॅड आणि सगळ्यात शेवटी बाटली. एकच कंपाउंड लोकरीच्या पॅडवर दाणदाण कापतं आणि मऊ फोमवर जेमतेम चमक आणतं. कट, म्हणजे पेंट किती घासला जाणार, हे बाटलीइतकंच, किंबहुना जास्त, पॅडवर ठरतं. पॅड नीट निवडला तर दोन बाटल्यांत बहुतेक सगळं काम निघतं.

आधी पेंट वाचा

कोल्हापुरातल्या गाड्यांवर काय बसतं हे आधी ओळखायला हवं, कारण ते तसंच ठेवून पॅड फिरवला तर पॅडच ओरखडे पाडतो. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत गाडी रोज उभी राहत असेल, तर तिच्यावर फौंड्रीची आणि ग्राइंडिंगची लोखंडी धूळ बसते. ती क्लिअरमध्ये रुतते, गंजते आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसतात. गळिताच्या हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात चिपाडाची राख उडते. तिच्यात सिलिका भरपूर असतं, म्हणून सकाळी कोरड्या फडक्याने ती पुसली की पेंटवर रेघा पडणारच. इथल्या बऱ्याच गाड्यांचं जाळं या कोरड्या फडक्यातूनच येतं. महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीच्या दारांच्या खालच्या भागावर डांबराचे ठिपके असतात. बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळलेल्या गाडीवर क्षारांचे गोल डाग राहतात, ते वेगळेच.

म्हणून आधी शाम्पूने धुवा. मग सावलीत, पत्रा थंड असताना आयर्न रिमूव्हर मारा, 3 ते 5 मिनिटं थांबा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. तो जांभळा झाला म्हणजे लोखंड विरघळतंय. डांबराला टार रिमूव्हर वापरा. त्यानंतर क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ माती, भरपूर लुब्रिकंटवर (निसरड्या फवाऱ्यावर) आणि हलक्या हाताने. तळहातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावर फिरवली की उरलेला खरखरीतपणा लगेच कळतो. क्षारांचे डाग कंपाउंडने घासत बसू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन मायक्रोफायबरचं फडकं भिजवा, मिनिटभर डागावर ठेवा आणि धुऊन टाका. तरी खड्डा उरलाच, तर तो क्लिअरमध्ये खोदला गेलाय. मग तेवढ्यापुरती पॉलिशची गरज असते.

आता जाडी. पेंट गेज, म्हणजे पेंटची जाडी मोजणारं यंत्र, उसना मिळाला तरी चालेल, पण गेजशिवाय जोरदार कटिंग करू नये. कंपनीचा पूर्ण पेंट, म्हणजे प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून, बहुतेक गाड्यांवर 90 ते 140 मायक्रॉनच्या आसपास भरतो. प्रत्येक पत्र्यावर किमान पाच जागी मोजा. 80 च्या खाली आकडा आला तर त्या जागी फक्त फिनिशिंग, म्हणजे चमक आणणारं हलकं पॉलिश. 200 च्या वर गेला तर तो पत्रा पुन्हा रंगवलेला आहे, आणि 400-500 च्या पुढे आत पुट्टी आहे असं समजा. पुन्हा रंगवलेला पत्रा जाड असला तरी निर्धास्त होऊ नका. जाडी कदाचित सगळी पुट्टीची आणि प्रायमरची असेल, वरचा क्लिअर मात्र पातळ. साधा गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथे सुरुवातीपासून सौम्यच राहायचं.

नख फिरवून बघा. रेघेत नख अडकत असेल तर ती पूर्ण काढायच्या नादाला लागू नका. तिचे काठ गोलसर करून ती कमी दिसेल इतपत थांबा.

मशीन कुठलं, त्यावर पॅड

रोटरी मशीन एकाच आसावर फिरतं. कट जबरदस्त, उष्णताही तेवढीच. 600 ते 800 आरपीएमवर कंपाउंड पसरवायचं, 1200 ते 1500 वर काम करायचं. त्याहून जास्त वेगाची गरज शिकणाऱ्याला पडत नाही. ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए, फिरतं आणि हेलकावतंही. त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही आणि हॉलोग्राम (उन्हात सरकणाऱ्या छटा) जवळपास पडत नाहीत. घरच्या गाडीसाठी किंवा नव्या कारागिराने डीएच घ्यावं. 15 मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे हेलकाव्याची रुंदी) मशीन बॉनेट, टप आणि दारांना. 8 मिमीचं वळणदार बंपरला जास्त सोयीचं. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. चार इंची अँगल ग्राइंडरला बफ लावून गाडीवर धरणं अजून काही ठिकाणी चालतं. तो ग्राइंडर 11,000 आरपीएमच्या आसपास फिरतो. फोमचा पॅड फाटून उडतो आणि क्लिअर काही सेकंदांत जळतो.

पॅडचा व्यास बॅकिंग प्लेटपेक्षा, म्हणजे मशीनच्या ज्या तबकडीला पॅड चिकटतो तिच्यापेक्षा, थोडा मोठा हवा. 125 मिमी प्लेटला 135 ते 150 मिमी पॅड, 75 मिमी प्लेटला 80 ते 90 मिमी. प्लेटची कड पॅडच्या बाहेर डोकावली तर ती एका झटक्यात रंग खरवडते. डीएला पातळ पॅड घ्या, 20 ते 25 मिमीचे. जाड फोम मशीनचा हेलकावा स्वतःतच जिरवतो, मग वर मशीन थरथरतं आणि खाली काम होत नाही. रोटरीला 30 मिमीच्या आसपासचा जाड पॅड बरा, तो वळणावर दबतो.

लोकरीचा पॅड सगळ्यात जास्त कापतो, आणि फोमपेक्षा थंड राहतो कारण तंतूंमधून हवा खेळते. पी 2000 च्या सॅंडपेपरचे व्रण, खूप जुना ऑक्सिडाइझ झालेला पेंट, कडक क्लिअर, ही त्याची कामं. रोटरीवर तो हॉलोग्राम सोडतोच, म्हणून त्याच्यामागून फोमची पायरी धरूनच चालावं. डीएसाठी आखूड केसांची लोकर वेगळी मिळते, लांब केसांची रोटरीची लोकर डीएवर लावू नका.

मायक्रोफायबरचा कटिंग पॅड डीएवर लोकरीच्या जवळपास कापतो आणि सपाट पत्र्यावर काम झटपट उरकतो. पण तो लवकर तापतो, दर पट्ट्यानंतर झाडावा लागतो, आणि मऊ पेंटवर धुरकटपणा सोडतो.

फोम हा रोजचा पॅड. त्यात दोन गोष्टी बघायच्या. पहिली कडकपणा: अंगठ्याने दाबा, जितका विरोध करेल तितका कट. दुसरी छिद्रं: मोठ्या उघड्या छिद्रांचा फोम हवा खेळवतो, थंड राहतो, भुकटी सामावून घेतो. बारीक बंद छिद्रांचा फोम कंपाउंड पृष्ठभागावर धरून ठेवतो, पण लवकर भरतो.

रंगावरून पॅड ओळखायचा मोह टाळा, कंपन्यांमध्ये रंगांचा ठरलेला नियम नाही. रूपेसच्या फोममध्ये निळा सगळ्यात कडक, मग हिरवा, मग पिवळा आणि पांढरा सगळ्यात मऊ. थ्री-एमचा परफेक्ट-इट मालिकेतला निळा फोम मात्र शेवटच्या फिनिशिंगचा. दोन्हीकडचे निळे एकाच खोक्यात मिसळले तर फिनिशिंगच्या पायरीला कटिंगचा पॅड लागेल. पॅड घरी आला की मागच्या वेल्क्रोवर मार्करने "कट", "मध्यम" किंवा "फिनिश" लिहून ठेवा.

कंपाउंडचं अंतरंग

बाटलीत घासणारे कण असतात, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचे, आणि त्यांना वाहून नेणारं तेल-पाणी. काही कंपाउंडचे कण काम करताना फुटून बारीक होत जातात. अशा कंपाउंडला पुरेसा वेळ द्यावा लागतो. मध्येच थांबलात तर कण अर्धवट फुटलेले असतात आणि पत्रा धुरकट दिसतो. दुसऱ्या प्रकारात कण फुटत नाहीत, शेवटपर्यंत तेवढंच कापतात. तिथे जास्त वेळ घासण्याला अर्थ नसतो, आणि पॅड व दाब बदलून फिनिश मिळवावा लागतो. मेगियर्सचं एम105 दुसऱ्या प्रकारात मोडतं. आपली बाटली कुठल्या प्रकारची आहे, हे लेबल किंवा कंपनीची माहितीपत्रिका वाचूनच कळतं.

आकड्यांचाही असाच घोळ. मेन्झर्नाच्या बाटलीवर आकडा वाढला की कंपाउंड बारीक होतं: 400 जोरदार कटचं, 2500 मध्यम, 3500 फिनिशिंगचं. कॉख-केमीत उलट, एच9 सगळ्यात जोरदार, एफ6 त्याखाली आणि एम3 बारीक. हे आकडे सॅंडपेपरच्या नंबरशी जुळवायला जाऊ नका.

खोट्या चमकीपासून सावध राहायला हवं. काही स्वस्त रबिंग आणि ग्लेझमध्ये भरपूर तेल, मेण किंवा सिलिकॉन असतं. ते रेघांत बसतं, गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते आणि दोन-तीन धुण्यांनंतर सगळं जाळं परत येतं. ग्राहकाला दिलेलं असं काम म्हणजे फसवणूकच. तपासणी सोपी आहे: 150 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल एक लिटरच्या बाटलीत ओता, उरलेली बाटली डिस्टिल्ड वॉटरने भरा. काम झालेल्या जागी फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि टॉर्चखाली बघा. पुसल्यावरही रेघा नसतील तरच त्या गेल्या. हे मिश्रण ताज्या मारलेल्या पेंटवर वापरू नका. सिलिकॉन असलेलं पॉलिश पेंटिंगच्या शेडमध्येही नको, पुढच्या गाडीच्या रंगाला त्यामुळे माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

कुठला पॅड कुठल्या बाटलीशी

हलकं जाळं, चार-पाच वर्षांची घरची गाडी: मध्यम फोम आणि मध्यम किंवा बारीक पॉलिश (जोरदार कंपाउंडपेक्षा बारीक कणांचं मिश्रण), डीएवर एकच पायरी. बहुतेक गाड्यांना एवढं पुरतं, आणि क्लिअरही वाचतो. मालकाला 100 टक्के रेघा काढून हव्या असतील तरी 70-80 टक्क्यांवर थांबलेली एक पायरी अनेकदा जास्त शहाणपणाची ठरते.

दाट जाळं आणि त्यात सरळ ओरखडे: डीएवर कडक फोम किंवा मायक्रोफायबर आणि जोरदार कंपाउंड, त्यानंतर मऊ फोमवर बारीक पॉलिश. पी 2000 किंवा पी 3000 च्या कागदाचे व्रण: लोकर आणि जोरदार कंपाउंड, मग मध्यम फोम, मग मऊ फोम. इथे एक पायरी गाळली तर ती उन्हात दिसतेच.

कडक क्लिअरला मऊ पॅड लावून तासन्‌तास घासण्यापेक्षा मायक्रोफायबर लावून चार फेऱ्यांत काम संपवणं पेंटला कमी तापवतं. मऊ क्लिअरची गत उलटी. तो सहज कापला जातो, पण फिनिश होताना पॅडच्याच बारीक रेघा घेतो, विशेषतः काळ्या रंगात. तिथे शेवटच्या पायरीला सगळ्यात मऊ फोम, बारीक पॉलिश, कमी वेग आणि फक्त मशीनचं वजन. जर्मन गाड्यांचा क्लिअर साधारणपणे कडक आणि जपानी गाड्यांचा मऊ, असा अनुभवाचा ठोकताळा आहे, पण पुन्हा रंगवलेल्या पत्र्याला तो लागू होत नाही. त्याचा क्लिअर गॅरेजने कुठला मारला यावर सगळं अवलंबून. त्यामुळे एकाच गाडीवर दोन वेगवेगळ्या जोड्या लागू शकतात.

पॅडवर गाडीचाच रंग उतरायला लागला तर घाबरण्याआधी विचार करा. जुन्या जीप, ट्रक आणि काही पांढऱ्या-लाल सॉलिड रंगांवर क्लिअर नसतोच, तिथे रंग उतरणं स्वाभाविक आहे. पण मेटॅलिक गाडीवर रंग उतरला तर क्लिअर संपलाय. तिथल्या तिथे मशीन बंद करा.

चाचणीचा चौकोन

संपूर्ण गाडीला हात घालण्याआधी बॉनेटवर 50 सेंमी बाय 50 सेंमीचा चौकोन टेपने आखा. कड, उंचवटे, रबर आणि काळं प्लास्टिकही टेपने झाका, कडांवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की कंपाउंड पसरायच्या आत वाळतं, म्हणून छपराखाली, सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी काम करा.

नव्या पॅडला आधी बोटाने कंपाउंड चोळून पूर्ण पृष्ठभाग पातळसा माखा, नाहीतर कोरडे तंतू पहिल्याच फेरीत रेघा पाडतात. त्यावर हरभऱ्याएवढे चार थेंब. पुढच्या प्रत्येक चौकोनाला तीन थेंब पुरतात. डीए वेगाच्या 1 नंबरवर सुरू करून पसरवा, मग 4 किंवा 5 वर घ्या. एक फेरी आडवी, एक उभी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकला पाहिजे. घाईने हात मारला तर पॅडला कापायला वेळच मिळत नाही. कटिंगसाठी अशा चार ते सहा फेऱ्या.

दाब किती, हे सांगून कळत नाही. धान्याच्या वजनकाट्यावर बंद मशीन पॅडसकट टेकवून दाबून बघा: काटा 4 ते 6 किलो दाखवेल एवढा दाब कटिंगला, फिनिशिंगला त्याच्या निम्माही नको. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ एकाच जागी थरथरत असेल तर पॅड फिरणं थांबलंय, म्हणजे दाब जास्त झाला किंवा पॅड तिरका धरला गेला.

पहिली चाचणी नेहमी मध्यम फोम आणि बारीक पॉलिशने. पुसा, अल्कोहोलने पुन्हा पुसा, टॉर्चने बघा. कमी पडलं तर आधी पॅड कडक करा, पॉलिश तेच ठेवा. तरीही कमी पडलं तर बाटली बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशाने फरक पडला ते कळतं. जमलेली जोडी, वेग आणि फेऱ्या कागदावर लिहून ठेवा, आणि मग गाडी करायला घ्या. गेजवर फरक दिसला नाही म्हणून क्लिअर गेला नाही असं धरू नका. साध्या गेजची अचूकताच दोन-तीन मायक्रॉनच्या आसपासची असते.

बिघडतं तेव्हा

उन्हात सरकणाऱ्या, धूमकेतूच्या शेपटीसारख्या छटा म्हणजे हॉलोग्राम. ते रोटरीवर लोकर किंवा कडक फोम वापरून तसंच सोडल्याने येतात. डीएवर मऊ फोम आणि बारीक पॉलिशने एक पायरी घेतली की जातात. डीएवर काम करूनही पत्रा धुरकट दिसत असेल तर पॅड भरलेला असतो, क्लिअरच्या मानाने पॅड जास्त कडक असतो, किंवा फुटणाऱ्या कणांना वेळ मिळालेला नसतो. आधी स्वच्छ पॅड लावून बघा, निम्म्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

पांढरी धूळ उडायला लागली तर कंपाउंड वाळलंय. थेंब वाढवण्याआधी चौकोन लहान करा. चिकट थर पुसला जात नसेल तर कंपाउंड जास्त झालंय किंवा पत्रा तापलाय. थंड होऊ द्या, अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसा. बंपर प्लास्टिकचा असल्याने उष्णता धरून ठेवतो, तिथला रंग पत्र्याच्या आधी जळतो. दर दोन फेऱ्यांनी हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर आधीच उशीर झालाय.

नुकत्याच डेंटिंग-पेंटिंग झालेल्या पत्र्यावर घाई केली तर पॉलिश केलेली चमक काही आठवड्यांत बसते आणि कागदाचे व्रण पुन्हा वर येतात, कारण आतला थिनर अजून उडत असतो आणि क्लिअर आक्रसत असतो. बूथमध्ये बेक न केलेल्या (बंद खोलीत गरम करून न वाळवलेल्या) पत्र्याला महिनाभर तरी द्या.

पॅडही मरतात. फोमचा मधला भाग उष्णतेने बसतो, वेल्क्रोचा गोंद सुटतो. असं होतं ते एकाच पॅडवर अख्खी गाडी ओढल्यामुळे. एका हॅचबॅकला कटिंगचे पाच-सहा, फिनिशिंगचे तीन आणि आरशांच्या मागे, हँडलच्या खोबणीत चालतील असे 80 मिमीचे दोन पॅड हाताशी ठेवा. कंपाउंड मात्र अख्ख्या गाडीला साधारण 100 मिलीच लागतं. पैसे वाटायचे झाले तर बाटलीपेक्षा पॅडवर जास्त घाला. दर चौकोनानंतर मऊ ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने पॅड झाडा आणि दर दोन पत्र्यांनंतर बदला. कटिंगला वापरलेला पॅड धुऊनही फिनिशिंगला घेऊ नका, मोठे कण फोमच्या आत राहतात.

काम संपलं की पॅड वाळायच्या आत कोमट पाण्यात, थोड्या लिक्विड सोपमध्ये चोळून धुवा. पिळू नका, दोन्ही तळहातांमध्ये दाबून पाणी काढा. मग बॅकिंग प्लेटला लावून बादलीत तोंड खाली धरून 1 नंबरवर क्षणभर फिरवलं की उरलेलं पाणी उडून जातं. वाळवताना फोम खाली आणि वेल्क्रो वर, म्हणजे पाणी गोंदात मुरत नाही. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या दमट हवेत जाड फोमला पूर्ण सुकायला दोन-तीन दिवसही लागतात. ओला पॅड पिशवीत बंद केला तर त्याला बुरशीचा वास लागतो, आणि ओलसर पॅडवर कंपाउंड पातळ होऊन कापतच नाही. पावसाळ्यात काम घेत असाल तर पंख्याखाली जाळीवर पॅड पसरा आणि कोरड्या पॅडचा दुसरा संच तयार ठेवूनच पुढची गाडी घ्या.